पास्कोसाहेबांची राखून ठेवलेली रजा

मित्रांनो, मी मोटारीमागे जोडायची एक जुनी कॅरव्हॅन आहे. चाकांवरची खोलीच म्हणा ना. आत दोन बिछाने, एक शेगडी आणि एक घडीचं टेबल. ॲडलेडजवळच्या कारखान्यात मी तयार झाले. पहिल्या मालकाने मला मरी नदीच्या काठाने खूप हिंडवलं. मग पास्को नवरा-बायकोने मला घेतलं आणि घरामागे लिंबोणीखाली उभं केलं.

पास्कोसाहेब सरकारचे वरिष्ठ वकील. आमच्याकडे सरकारी नोकरीत दहा वर्षं भरली की तीन महिन्यांची लांब रजा मिळते. अर्ध्या पगारावर घेतली तर ती सहा महिने पुरते. त्या सहा महिन्यांत पश्चिम किनाऱ्यापर्यंत जायचं आणि वाटेत कड्यावरून देवमासे बघायचे, असं ठरलं होतं. देवमासे हिवाळ्यातच, म्हणजे आमच्याकडे जून ते सप्टेंबरात, तिथे येतात. मॅरियनबाईंनी माझ्या कपाटात चहाचा डबा आणि दोन लोकरीच्या टोप्या आणून ठेवल्या.

पण दर हिवाळ्यात एखादा मोठा खटला उभा राहायचा. ज्याची रजा त्याचीच लेखी संमती असल्याशिवाय कचेरीला ती पुढे ढकलता येत नव्हती. साहेब दर वर्षी संमतीच्या कागदावर सही करायचे.

माझ्या टेबलाशी बसून बाई एकदा म्हणाल्या, "हाताखालच्यांना बजावतोस, घाईने सही करू नका. आणि स्वतः?"

"अगं, एवढा खटला संपू दे."

"मागच्या वर्षी कुठला संपायचा होता?"

शेजारचा केव्ह कुंपणावरून ओरडायचा, "काय रे वकिला, बायकोला लिंबोणीपर्यंत तरी फिरवून आणलंस का?" तिघंही हसायची. असे सहा हिवाळे गेले. माझ्या चाकांतली हवा गेली, छपरातून पाणी झिरपू लागलं.

सातव्या वर्षी मार्च महिन्यात बाईंच्या पोटात गाठ निघाली. नाताळपर्यंतचंही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी आजारी माणसाच्या सेवेसाठी मिळणारी रजा काढली. कधी दोन दिवस, कधी अर्धा दिवस. मधल्या दिवसांत ते कचेरीत जात.

एका दुपारी बाई त्यांच्या आधाराने माझ्यात आल्या. पायरी चढताना दोनदा थांबल्या.

"लांब रजा आत्ता घे, ॲलिस्टर."

"आत्ता संपवली तर तुला बरं वाटल्यावर कशी जायची सहल? या छोट्या रजा आहेत ना अजून. त्या आधी वापरू."

"मला सहल नको. तू घरी थांब."

"ती आपल्या देवमाशांसाठी राखलीय गं."

साहेब कायद्यातले जाणकार. कुठली रजा आधी वापरायची आणि कुठली मागे ठेवायची, हे त्यांना चोख माहीत होतं. म्हणूनच ते चुकले.

जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास बाई गेल्या. साहेब तेव्हा न्यायालयात उभे होते. उशाशी केव्हची बायको होती.

पुढे कचेरीचं पत्र आलं. रजा फार साठली आहे, आता घ्यावीच लागेल. साहेबांनी अर्ध्या पगारावर पूर्ण सहा महिने घेतले. ते रोज सकाळी दाढी करून माझ्यात येतात आणि दुपारपर्यंत बसून राहतात.

परवा केव्ह पंप घेऊन आला. "चल, हवा भरून देतो. देवमासे अजून असतील."

"ती घरी थांब म्हणाली होती," साहेब म्हणाले. "एवढंच मागितलं होतं रे तिने."

केव्ह पंप तसाच घेऊन परत गेला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची निगा राखा असं सांगायची आमच्यात रीत आहे. मी ते मागत नाही. मी पत्र्याची आहे, मला थांबता येतं. तुमच्या घरात कुणी तुमच्यासाठी थांबलं असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.