ओठावरची उजळ रेघ

सुईच्या टोकावर शाईचा निळा थेंब — मोहरीच्या दाण्याएवढाही नाही — थरथरत होता, आणि तो टेकवायचा कुठे तेच लिगायाला दिसत नव्हतं. ओठ सुजून पांढराफटक पडलेला. चार महिन्यांच्या पोरीचा, नाकपुडीपर्यंत दुभंगलेला ओठ... लाली संपून कातडी सुरू होते तिथली बारीक उजळ रेघ, जी दोन्हीकडून तंतोतंत जुळवायची, नाहीतर जन्मभर ओठाला पायरी राहते — तीच रेघ गायब. आधी शाईचे ठिपके, मग रक्त आवरणारं इंजेक्शन; हे तिनंच नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलेलं. आणि आज, प्लास्टिक सर्जन होण्याच्या शेवटच्या परीक्षेला, आधी इंजेक्शन! हात पुढे गेला, बस्स.

समोर परीक्षक मागबानुआ सर, हातमोजे घातलेले हात छातीशी धरून उभे. फिलिपिन्समधल्या दावाओच्या त्या इस्पितळात त्यांची रीत सगळ्यांना पाठ — परीक्षेच्या ऑपरेशनला सुरी लागेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मग एक तर मान हलवायची, नाहीतर म्हणायचं, "बाजूला हो."

"काय गं इंदाय," डोक्याशी बसलेली भूलतज्ज्ञ नेनिता लिगायाला म्हणाली, तिकडे लाडानं पोरींना म्हणतात तसं, "मी पोरीला झोपवलंय, तुला नाही."

कुणीतरी हसलं. लिगाया सरांकडे बघत मनातल्या मनात धुमसली. शिकवलं म्हणे यांनी! वर्षानुवर्षं जखम ताणायचे हुक धरायला लावता, टाके कापायला लावता, सीनियरांसाठी भात नि तळलेली मासळी आणायला पिटाळता, आणि चुकलं की विचारता, तुला शिकवलं कुणी... तुम्हीच की! तुम्हीच, उभं करून, गप्प बसवून.

मदतीला उभा असलेला रामिल — गेल्या वर्षी हीच परीक्षा पास झालेला — कानाशी पुटपुटला, "अंदाजानं टाक ना ठिपके. मीही टाकले होते. कोण पट्टी घेऊन मोजतंय?"

पास झाला होता तो. मानसुद्धा हलली होती. आणि त्यानं शिवलेलं ते पोर कुठे असेल आता, कुठल्या बेटावर, पायरीचा ओठ घेऊन... सकाळी व्हरांड्यात या पोरीच्या आईनं लिगायाचा कोपर धरला होता. "डॉक, बुंगी म्हणतात हो हिला गल्लीत. फाटक्या तोंडाची. माझी सासूसुद्धा." आणि मी काय म्हणाले? काळजी करू नका. किती स्वस्तात म्हणाले मी ते!

तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली. आवाज झाला.

"सर, मी इंजेक्शन आधी दिलं. खुणा नंतर. चुकलं माझं. सूज उतरून रेघ दिसेपर्यंत सुरी लावणार नाही."

रामिलनं डोळे मिटून घेतले. सर काहीच बोलले नाहीत. सुरी लागली नव्हती ना अजून — रीत म्हणजे रीत! लिगायानं ओला गॉझ ओठावर हलकेच दाबून धरला. यंत्राची टिकटिक चालू होती, पोरीची छाती वर-खाली होत होती. सुरी उचलली की हाकलतील. हाकलू देत... पण मग सुरी कुणाच्या हाती जाणार? रामिलच्या? हे मनात आलं आणि भीती एकदम टणक झाली, दगडासारखी, पाय रोवून उभं राहता येईल अशी. सर "बाजूला हो" म्हणाले तरी आपण इथून हलू की नाही, याची आता तिलाच खात्री वाटेना.