मी पायरीवरून हलले नाही

मी एक जुनी सॅक आहे. पाठीवर घेतात ती. माझा रंग मूळचा हिरवा होता. आता कुठला आहे ते मलाही सांगता येणार नाही. एका पट्ट्यावर काळ्या दोऱ्याची जाडजूड शिवण आहे आणि ती लपवावी असं मला कधी वाटलं नाही. मित्रांनो, तुम्ही माझी कीव करावी म्हणून मी हे सांगत नाही. मला जे सांगायचं आहे ते ऐकून काही जणांना रागही येईल. येऊ दे.

माझा जन्म पुण्यातच झाला, कोथरूडमधल्या कांताबाईंच्या शिलाईयंत्रावर. तंबूचं उरलेलं जाड कापड त्यांनी कापलं आणि दुहेरी टाके घालून मला शिवलं. मला न्यायला उत्कर्षा आली. ती भंडाऱ्याहून पुण्याला शिकायला आली होती. तिने विचारलं, "टिकेल ना हो?"

कांताबाई यंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, "फाटली तर परत आणा, शिवून देईन. नवी मागायला येऊ नका."

त्यानंतरचे बहुतेक रविवार मी उत्कर्षाच्या पाठीवर काढले. सकाळी स्वारगेटला जायचं, एसटी पकडायची, कातळवाडी गावाला उतरायचं आणि तिथला डोंगर चढायचा. माझ्या पोटात स्टीलची पाण्याची बाटली, एक पंचा आणि एक रिकामी पिशवी असे. खाण्याचं काही नसे. जेवण गावातल्या विमलाबाईंच्या घरी ठरलेलं. पिठलं, भाकरी, ठेचा. उत्कर्षा त्यांच्या चुलीपाशी बसून जेवायची, निघताना न मागता पैसे द्यायची आणि ताट स्वतः घासायची. रिकामी पिशवी येताना भरलेली असे. लोकांनी डोंगरावर टाकलेली वेष्टनं आणि बाटल्या घेऊन आम्ही पुण्याला परत यायचो. एसटीत शेजारचे लोक नाक मुरडत. मी मात्र ताठ बसायचे.

कातळवाडीच्या डोंगरावर कातळात कोरलेलं एक जुनं टाकं आहे. आत उतरायला पायऱ्या, खाली गार, निवळ पाणी. एकदा विमलाबाई उत्कर्षाला म्हणाल्या, "चैतात आमची हीर आटती. मग समदं गाव या टाक्यावर. डोक्यावर हंडं घिऊन उतरायचं. पाऊस पडंस्तवर दुसरं पाणी न्हाय."

उत्कर्षाने ते ऐकलं आणि मनात ठेवलं.

पुढे तिला खराडीत नोकरी लागली आणि मी माळ्यावर गेले. धूळ बसली. तिला रविवारीही काम असे. तो काळ मी सोसला. त्याबद्दल अधिक बोलत नाही.

मग एका एप्रिलमध्ये ऑफिसची सहल ठरली. तिच्या टीमचे प्रमुख अभय सर यांनी जागा निवडली, ती नेमकी कातळवाडी. उत्कर्षाने मला खाली काढून झटकलं. सहलीच्या गाडीत सगळ्यांच्या सॅक नव्याकोऱ्या होत्या. शेजारच्या चेतनने मला पाहिलं आणि म्हणाला, "ही म्युझियममधून आणली का?"

"नाही," उत्कर्षा म्हणाली, "म्युझियममध्ये सगळं व्यवस्थित ठेवतात."

जेवणाची खोकी पुण्याहून आणली होती. विमलाबाईंच्या दारावरून गाडी धूळ उडवत पुढे गेली. डोंगर चढताना मोठ्या आवाजात गाणी सुरू होती. ऊन भाजून काढत होतं. टाक्यापाशी पोचल्यावर चेतनने बूट काढले, शर्ट काढला आणि म्हणाला, "चला, स्विमिंग पूल." आणखी चार-पाच जण तयार झाले. एकाने साबणही काढला.

उत्कर्षा पुढे गेली. तिने मला टाक्याच्या वरच्या पायरीवर आडवं ठेवलं आणि माझ्या शेजारी बसली. पायरी अरुंद होती. आम्हा दोघींना ओलांडल्याशिवाय आत उतरता येत नव्हतं.

"इथे उतरायचं नाही," ती म्हणाली. "हे गावाचं प्यायचं पाणी आहे."

"अगं, पाच मिनिटं. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

चेतन हसला, मग चिडला. "टाकं काय तुझ्या मालकीचं आहे? पाणी सगळ्यांचं असतं."

उत्कर्षाची पाठ मला टेकलेली होती आणि तिचा श्वास मला कळत होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. त्यामुळे पाण्यापाशी कुणाला अडवणं मला सोपं जात नाही, चेतन. प्यायला हवं तेवढं घे. बाटली दे, मी भरून देते. पण आत उतरू देणार नाही. इथे संध्याकाळी बायका हंडे घेऊन येतील."

चेतनने मला बाजूला करायला माझा पट्टा धरून ओढला. उत्कर्षाने मला दोन्ही हातांनी दाबून धरलं. टाके उसवले आणि पट्टा चेतनच्या हातात आला. मी पायरीवरच राहिले.

अभय सर पुढे आले. "उत्कर्षा, तू सगळ्यांच्या सहलीचा विचका करते आहेस. आम्ही खाली जातोय. तू आली नाहीस तर गाडी थांबणार नाही."

"मग मी एसटीने येईन, सर. मला रस्ता माहीत आहे."

ते गेले. चेतनने तुटलेला पट्टा माझ्यावर टाकला आणि तोही गेला. शेवटचा माणूस उताराला लागेपर्यंत उत्कर्षा जागची हलली नाही. त्यांच्यातली एकटी चैताली, उत्कर्षाच्याच टीममधली, मागे राहिली. दिवसभर ती एक शब्दही बोलली नव्हती. ती येऊन खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मघाशी बोलायला हवं होतं मी. आता जेवायला कुठे मिळेल?"

त्या दोघी विमलाबाईंकडे जेवल्या आणि एसटीने स्वारगेटला उतरल्या.

ऑफिसात पुढे बरेच दिवस उत्कर्षाशी तुटक वागणं चाललं. तिला टीमच्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर काढलं. तिने माफी मागितली नाही. मला ती कांताबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. "हिरवा दोरा संपलाय. काळा चालेल?"

"चालेल. दिसू दे," उत्कर्षा म्हणाली.

पावसाळ्यानंतर तिने आणि चैतालीने ऑफिसात आपली वेगळी सहल जाहीर केली. एसटीने जायचं, गावात जेवायचं, आपला कचरा आपण आणायचा, टाक्यात उतरायचं नाही. पहिल्या वेळी एसटीतला जेमतेम एक बाक भरला. अभय सर आजवर आलेले नाहीत. चेतन एकदा आला. एसटीच्या सीटबद्दल कातळवाडीपर्यंत कुरकुरत होता, विमलाबाईंकडे भाकरी मात्र मागून घेतली. सॉरी म्हणाला नाही. टाक्यावर त्याने बाटली वरूनच भरली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मला तेवढं पुरे.

मित्रांनो, तुम्हीही फिरा. डोंगर बघा, गावं बघा. पण जिथे जाल तिथे आधी विचारा, इथलं पाणी कोण पितं, इथे कोण राहतं. त्यांच्या घरी जेवा, त्यांचे पैसे त्यांना द्या, आणलेला कचरा परत न्या. सॅक उसवली तर फेकू नका, शिवा. पोहायचं असेल तर पुण्यात तलाव आहेत; तिकीट काढा. आणि तरीही कुणाच्या पिण्याच्या पाण्यात उतरायचंच असेल, तर या. वरच्या पायरीवर मी आहे.