झाकणाला हात लावून सांगा

माझा मुलगा निरंजन एका विमान कंपनीत मेकॅनिक लोकांना बोलायला शिकवतो. एकमेकांशी नीट बोललं की चुका टळतात, यावर स्लाइडा दाखवून भाषणं देतो. घरात कुणी बोलायला लागलं की मात्र फोनमध्ये डोकं घालतो.

त्याच्या वडिलांनी तीस वर्षं विमानं दुरुस्त केली, एकही स्लाइड न दाखवता. पाळी संपली की पुढच्या माणसाला विमानापाशी न्यायचे, राहिलेल्या कामावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "आता तू सांग, मी काय सांगितलं?" दही आणायला पाठवलं तरी निरंजनकडून परत म्हणवून घ्यायचे. तो तेव्हाही चिडायचा.

परवा नात सावनी सकाळची पाळी करून अलीगंजला घरी आली. तीही मेकॅनिक, त्याच कंपनीत, अजून कायम व्हायची आहे. जेवताना घास हातातच राहिला.

"दादी, इंजिन में तेल मैंने डाला, फिर दूसरे जहाज़ पर बुला लिया. झाकण लावायला इंद्रजितजींना सांगितलं."

"मग? लावलं त्यांनी?"

"बोले, हो गया समझिए."

उत्तरेतल्या या शहरात पन्नास वर्षं काढली मी. शिंपी, प्लंबर, बँकेतले बाबू, सगळ्यांचं 'हो गया समझिए' ऐकलंय. एकाचंही झालेलं नव्हतं.

विमान चारला उडणार होतं. सव्वातीन वाजले होते.

निरंजन दुसऱ्या दिवशीच्या भाषणाला बसला होता. मान वर न करता म्हणाला, "फोन करू नकोस. सीनियर आहे तो, चिडेल. तुझं कन्फर्मेशन बाकी आहे. शिवाय माझ्याच मुलीनं घोळ घातला म्हणतील."

"आणि उद्या काय शिकवणार आहेस रे?"

"आई, तुला यातलं काही कळत नाही."

मी सावनीच्या खरकट्या हातात फोन दिला. "झालं का, असं विचारू नकोस. झाकणाला हात लावून सांगा म्हण."

ती तसंच म्हणाली. पलीकडे पावलं वाजली, मग खटका लागल्याचा आवाज आला.

"खुला था, बेटा. अब लॉक कर दिया."

"फिर से बोलिए, क्या किया?"

अगदी आजोबा. इंद्रजितनं मुकाट्यानं परत सांगितलं.

संध्याकाळी निरंजनच्या भाषणात नवी स्लाइड आली होती. "सावनी, तू नेमकं काय बोललीस? उदाहरण छान आहे."

ती भांडी आवरत होती. "पापा, आप वहीं तो बैठे थे."