खेळ मोहगावात, आवाज पांढुर्ण्यात

आमच्या कॉम्प्युटर गेमच्या चॅनलवर खेळतो कोण, तर माझा लहान भाऊ कुलदीप. आणि बोलते कोण, तर मी, अश्विनी. त्याच्या हाताला तोड नाही, हे सख्खी बहीण असूनही मी कबूल करते. पण तोंड देताना देवानं त्याच्या बाबतीत हात आखडला. तासन् तास खेळेल, पण 'हूं' आणि 'अबे' याच्यापुढे गाडी जात नाही. त्याच्या वाट्याचं सगळं बोलणं माझ्याकडे आलं. तो बंदूक चालवतो, मी तोंड चालवते. समोरचा कोणी भिंतीआड दडला की मी म्हणते, "काहून रे, उधारीवाला आला का दारात? ये ना भाईर!" मग पाहणारे हसून हसून बेजार होतात.

आता झालं असं की आमचा जुना कॉम्प्युटर पार थकला होता. एकाच प्रोसेसरवर खेळही चालवायचा आणि त्याच वेळी लाइव्हही पाठवायचं, ते त्याला झेपत नव्हतं. खेळ रंगात आला की चित्र अटकायचं. कुलदीपचा एक पाय हवेत आणि माझा शब्द अर्धा. खाली लोक लिहायचे, 'ताई अटकली.' मला असा राग यायचा म्हणून सांगू! अटकते मशीन आणि नाव माझं.

यंदा संत्र्याचा बहार चांगला उतरला, तेव्हा बाबांनीच सांगितलं की नवा घेऊन टाका. त्याच मोसमात माझं लग्नही ठरलं. मुलगा पंकज, पांढुर्ण्यात शाळेवर मास्तर, स्वभावानं शांत. म्हणजे माझ्यापुढे कोणीही शांतच, पण हा खरंच शांत. पहिली पत्रिका जामसांवलीच्या मारोतीला ठेवून झाली आणि आम्ही भाऊबहीण मोहगावहून बसनं पांढुर्ण्याला निघालो, कॉम्प्युटर घ्यायला.

वीरेंद्रभाऊचं दुकान मोठं आहे. आत शिरल्या शिरल्या कुलदीप एका काचेच्या कॅबिनेटपाशी जाऊन उभा. आत लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते.

"रस्त्याकाठची झाडं पाहून संत्र्याचा बगीचा घ्यायचा नसते, असं बाबा म्हनते," मी म्हटलं.

"मले माहीत हाय," तो म्हणाला आणि वीरेंद्रभाऊला सरळ दुकानातलं सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड मागितलं.

वीरेंद्रभाऊ म्हणाला, "घ्या ना. खेळासोबत लाइव्ह करायचं असंन तं आजकाल दुसरी मशीन लागत नाही. नव्या कार्डात चित्र बाहेर पाठवायले येगळा भागच देऊन राहिले. खेळाले धक्का लागत नाही. त्याच्या जोडीले प्रोसेसर दमदार घ्या, पॉवर सप्लाय हलका घेऊ नका, झालं."

"आन् माह्या माइकचं?" मी विचारलं.

कुलदीप कार्डाचा खोकाच पाहत होता. मान वर न करता म्हणाला, "तुह्या माइकचं काय? तू तं चालली ना."

"चालली म्हंजे? मी मरून राहिली का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी वळून पाहिलं. पाहू देत. मला त्या क्षणी कोणाचीच लाज नव्हती. इतके दिवस मी समजत होते की नवी मशीन आमच्या दोघांसाठी येते आहे. आणि या पठ्ठ्यानं मनातल्या मनात मला कधीच सासरी पोचवून टाकलं होतं!

"ताई, भांडू नको," तो म्हणाला. "माह्या दोस्ताची, केतनची बहीन काय म्हने? सासरी जाऊन शिवनकाम करीन. आता तिच्या मशीनवर गोधड्या ठेवते ते लोक. तू बी दोन महिने बोलशीन. मंग पाव्हने येतीन, सन येतीन, लेकरू होईन. मी एकटा मुका बसून काय करू? निदान खेळ तं असा दिसू दे का लोकं चित्रासाठी येतीन."

माझे कान तापले. पण वाईटही वाटलं, कारण तो काही खोटं सांगत नव्हता. खरं सांगते, लग्नाची मला धाकधूक नव्हती. पंकज आवडला होता. भीती एकच होती. हे बोलणं सुटलं तर त्या घरात मी कोणी वेगळीच होऊन बसेन, भात वाढणारी आणि 'हो आई' म्हणणारी. मला ती बाई व्हायचं नव्हतं.

"तुले मशीन भेटन, मले माहा आवाज पाह्यजे," मी म्हटलं. "मी सासरहून बोलीन."

"फोनवरून? विसरली का दिवाळीचं?"

दिवाळीत मी सौंसरला मावशीकडे होते आणि तिथून फोनवर बोलायचा प्रयोग आम्ही केला होता. फार फजिती झाली. मला चित्र उशिरा दिसायचं आणि माझा आवाज त्याच्याही मागून यायचा. कुलदीप मरून पडलेला आणि मी ओरडते आहे, "सांभाळ, सांभाळ!" लोकांना वाटलं बाईनं सकाळीच भांग घेतली.

वीरेंद्रभाऊ काउंटरवर कोपर टेकून हे सगळं मजेत ऐकत होता. त्याला म्हटलं, "भाऊ, हसू नका, उपाय सांगा."

"उपाय हाय ना," तो म्हणाला. "तुमी उलटं करून राहिले होते. लाइव्ह मोहगावातून जात होतं आन् ताईचा आवाज मांगून येऊन त्यात पडत होता. आता लाइव्ह ताईपासूनच जाऊ द्या. हा तिकडं खेळन आन् खेळाचं चित्र ताईच्या कॉम्प्युटरवर पाठवन. ताई जे पाहीन त्याच्यावरच बोलन, चित्र आन् आवाज तिथंच एक होतीन, आन् तिथूनच लोकायले जाईन. लोकायले थोडं उशिरा दिसन, पन सारं जुळून दिसन."

"दोन्ही मशीनी एकाच खोलीत पाह्यजे का?" मी विचारलं.

"नाही. मोठे खेळाडू एकाच खोलीत दोन मशीनी ठेवते. तुमच्या मधात रस्ता असंन, एवढंच. दोन्हीकडं नेट मात्र तारेचं पाह्यजे, हवेतलं नाही. ताईच्या मशीनले मोठ्या कार्डाचं काही कामच नाही. बरा प्रोसेसर, मेमरी भरपूर, झालं."

मी कुलदीपकडे पाहिलं. बाबांनी दिलेल्या पैशात दोन मशीनी घ्यायच्या तर त्याचं मोठं कार्ड गेलं, हे त्याला माझ्याआधीच कळलं होतं. त्यानं तो खोका दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"आन् तुह्या सासरचे हा डब्बा ठेवू देतीन का? नेटची तार लावू देतीन?" त्यानं विचारलं.

"चाल, इचारू."

"आत्ता? अवं, लग्नाच्या आधी नवरी सासरी जात असते का? बाबा मले फाडून खातीन!"

"तुले खातीन ना, मले तं नाही. चाल."

पुंडलिकरावांचं घर तिथून जवळच. पुंडलिकराव म्हणजे माझे होणारे सासरे, कापसाच्या व्यापारात आयुष्य गेलेले. दार मालतीबाईंनी, सासूबाईंनी उघडलं. मला पाहून त्यांचा पदर खांद्यावरून घसरला.

"अवं माय! तू? काही झालं का घरी?"

"सारे खुशाल आहेत काकू. नवरी म्हनून नाही आली मी, जागा पाहाले आली."

आत बसलो. पाणी आलं. कुलदीप खुर्चीच्या कडेवर असा टेकला होता की कोणी 'निघा' म्हटलं तर उठायला सोपं जावं. मी सगळं सांगितलं. एक कोपरा, एक टेबल, नेटची तार. रोज चार ते सहा.

"सूनबाई, त्याच्यात तुमी करता काय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"बोलतो बाबूजी."

"नुसतं बोलता? आन् लोक आयकते?"

"लई आयकते. तुमी बी आयकून राहिले ना आता?"

ते हसले. मालतीबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लग्न होऊ दे आधी. मंग पाहू काय ते."

हे 'मंग पाहू' मला चांगलं ठाऊक आहे. केतनच्या बहिणीलाही हेच सांगितलं असणार. मी हात जोडले, पण आवाज काही खाली घेतला नाही. "काकू, माह्या वाट्याचं सारं काम मी करीन, कधी मोजनार नाही. पन चार ते सहा मी कोनाची सून नाही. हे पटत नसंन तं आजच सांगा. मंग कटकट नको, तुमाले बी आन् मले बी."

कुलदीपनं डोळे मिटून घेतले. मालतीबाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या. मीही नजर हलवली नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "बुधवारी आमच्या गल्लीतली लाईट चारलेच जाते. तेव्हा काय करशीन?"

"इन्व्हर्टर घेईन," मी म्हटलं.

"मंग माहा मिक्सर बी त्याच्यावर चालला पाह्यजे," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

चहा पिऊन आम्ही दुकानात परत गेलो. तिथं कुलदीपनं तो मोठा खोका स्वतःच्या हातानं परत फळीवर ठेवला आणि वीरेंद्रभाऊला म्हणाला, "याच्या खालचं द्या. आन् ताईची मशीन येगळी बांधा." मग माझ्याकडे वळला. "पन ताई, लोकायले सांगून एक दिवस जरी तू आली नाही ना, त्याच दिवशी चॅनल बंद. मले एकट्याले नाही जमनार."

"कर बंद. मी येतोच," मी म्हटलं.

लग्न दणक्यात झालं. कानपिळीला कुलदीपनं पंकजचा कान धरला, आणि सगळे वाट पाहत होते की साळा काय मागतो. अंगठी, घड्याळ? त्यानं विचारलं, "नेटची तार लावली का?" पंकज कळवळून म्हणाला, "लावली रे बाप्पा, काल लावली, सोड!" अख्खा मांडव हसला. मी पण हसले, पण कुलदीपचं तोंड काही हसरं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही लाइव्ह जाहीर केलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. नवरी पाहायला गल्लीतल्या, नात्यातल्या बाया. मी चहा देते आहे, पाया पडते आहे, डोक्यावरचा पदर सांभाळते आहे. चार वाजले. एका आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "बस वं, कुठं चालली? नाव घे आधी नवऱ्याचं."

नाव घेतलं. सगळ्या म्हणाल्या, अजून एक. तेही घेतलं. तिसरं मागितलं, तेव्हा घड्याळ कधीचंच चारच्या पुढे गेलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर माझी मशीन चालू होती आणि तिकडे मोहगावात माझा भाऊ बसला होता. मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"आत्याबाई, माफ करा. माह्या कामाचा येळ झाला."

"कोनतं काम?"

मी काही बोलायच्या आत मालतीबाई म्हणाल्या, "तिची ड्यूटी आहे चार ते सहा. तुमी चिवडा घ्या."

मी जवळजवळ धावतच गेले. हेडफोन चढवला. पडद्यावर मोहगावाहून चित्र येत होतं. खेळ सुरू झालेला, टीमचे बाकीचे तिघं पुढे निघून गेलेले आणि कुलदीपचा गडी उघड्या मैदानात एकटा उभा. पळत नव्हता, दडत नव्हता. नुसता उभा. मी लाइव्हचं बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी! मोहगावची पोरगी पांढुर्ण्याहून बोलून राहिली..."

"आली?" हेडफोनमध्ये कुलदीपचा आवाज आला.

"आली."

मग नाक ओढल्याचा आवाज. लाइव्हवर, सगळ्यांच्या कानात. "मले वाटलं..." तो म्हणाला. मीही रडले असते तर चॅनलवर बोललं कोण असतं?

"अबे, डोये पूस आन् मांगं पाह! दोघं झाडातून निघून राहिले. मले पांढुर्ण्यातून दिसते आन् तुले मोहगावात बसून दिसत नाही का?"

"दिसते ना. तू बोलत राह्य ताई," तो म्हणाला, आणि वळून दोघांनाही टिपलं.