चैत्रातल्या बर्फावरची काठी

सकाळी मानीबाई अंगण झाडते, सडा टाकते, चहा घेते आणि भाकरी फडक्यात बांधते. मग ती दारामागे हात घालते. तिकडे न पाहताच मी तिच्या हाताला सापडते. कमरेला विळा, डोक्यावर भाकरीचे गाठोडे आणि उजव्या हातात मी, अशी आमची स्वारी बोरी अरबच्या वेशीतून अडाण नदीकडे निघते. नदीत ती आधी मला गाळात टोचते, मगच पाऊल टाकते. मागच्या बाया तिच्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवतात.

मित्रांनो, ती जुनी, काळपट काठी मीच. १९५६ साली मानीबाईच्या घराने बुद्धाचा धम्म स्वीकारला. त्याच हिवाळ्यात डोमाजी बुरडाने मला भरीव वेळूतून निवडले, विस्तवावर शेकून सरळ केले आणि टोकाला लोखंडी शेंबी ठोकली. "चाल, आता तुयी सून घरात आली," असे म्हणून त्याने मला मानीबाईच्या हाती दिले. एवढे कौतुक पुरे होते. मी आजही त्याच तोऱ्यात उभी राहते.

पुढे मानीबाईचा मुलगा भीमराज हिमालयात रस्ते बांधणाऱ्या पलटणीत गेला, तेव्हा तिने मला त्याच्या वळकटीला बांधून दिले. "काठी बुडली तं पाय टाकू नोको," एवढेच ती म्हणाली. अडाणच्या गाळाखेरीज तिला दुसरा धोका ठाऊक नव्हता.

पहाडातला पहिला हिवाळा मी तंबूच्या दोऱ्यांवरचा बर्फ झाडण्यात घालवला. चैत्र आला. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, गावाकडे वस्तीतले नवे विहार उघडायचे होते आणि तिथली पहिली मेणबत्ती मायलेकांनी मिळून लावायची, असे सर्वांनी ठरवले होते. भीमराजाला रजा मिळाली. सोबत पलटणीतलाच, पुसदकडच्या तांड्यावरचा सेवादास होता. बर्फाचा एक उतार ओलांडला की पलीकडे संध्याकाळचा ट्रक मिळणार होता. तो चुकला तर जयंतीही चुकणार होती.

दोघांची चूक मात्र सकाळीच झाली. "ऊन तं पडू दे! वाट जरा घट्ट झाली का निघू," सेवादास म्हणाला आणि भीमराजालाही ते पटले. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला ते पटणारच. आपल्याकडे उन्हाने चिखल वाळतो, वाट आवळते. वसंतातल्या बर्फाचे अगदी उलटे असते. रात्रीच्या थंडीने तो फरशीसारखा घट्ट होतो आणि सूर्य वर आला की आतून सैल पडू लागतो.

आम्ही उताराशी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. वरून बर्फाचे लहान लहान गोळे आपोआप घरंगळत होते. भीमराजाने मला टोचले. वरचा थर ओल्या मिठासारखा होता, त्याखाली एक कडक पापुद्रा होता. तो फुटताच मी मुठीपर्यंत आत गेले. आत सुटे, ओले दाणे होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. एकाला दुसऱ्याचा आधार नव्हता.

"हा तं आपल्या अडाणचा गाळ हाय, गड्या. वरतून घट्ट, आतून दगाबाज."

"काठीले इचारल्याबिगर पाणी तरी पेतं का बे तू?" सेवादास हसला. "पळत सुटू ना! माय तिकडं वाट पाहून राह्यली, अन् तू इथं काठी खुपसून राह्यला."

भीमराजाने पलीकडच्या वाटेकडे पाहिले. मग त्याने मला उपसले, बाहीने पुसले आणि मागे जाऊन एका रुंद खडकावर बसला.

"मायनंच सांगतलं हाय," तो म्हणाला.

सेवादास फुरंगटून शेजारी बसला. दोघांनी चणे खाल्ले. दुपार कलताना बर्फाखाली धप्पकन आवाज झाला, वर आडवी भेग उमटली आणि अख्खा उतार घरघरत दरीत उतरला. जिथे पावले पडली असती तिथे उघडे खडक दिसू लागले. सेवादास उठला आणि माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "काठीबाई, तुमचे पाय कुठीसा हायेत? पडाचं हाय."

दुसऱ्या पहाटे राहिलेला बर्फ गोठून टणक झाला होता आणि माझी शेंबी त्यावर खणखणत होती. भीमराज पुढे चालला. सेवादास त्याच्याच पावलांच्या खुणांवर.

दारव्ह्याला उतरून घरी पोहोचेपर्यंत जयंती उलटून गेली होती. भीमराज दारात मान खाली घालून उभा राहिला. मानीबाईने सगळे ऐकून घेतले आणि फडताळातून एक कोरी मेणबत्ती काढली.

"बाकीच्यायनं आपापल्या लावल्या. ही रायली होती. चाल बापू."

मित्रांनो, मला तेल पाजा, वाळवीपासून जपा, हे तर मी मागेनच. पण त्याआधी, पुढची जागा टोचून पाहिल्यावाचून पाय उचलू नका.

रजा संपली तेव्हा मानीबाईने मला पुन्हा वळकटीला बांधले. निघायच्या सकाळी ती पाण्याला गेली होती. भीमराजाने आकाशाकडे पाहिले. पावसाळा जवळ आला होता, अडाणला नवा गाळ येणार होता. त्याने गाठ सोडली, मला दारामागे उभे केले आणि डोमाजीकडून आणलेली नवी, हिरवट काठी वळकटीला बांधली.

पाणी ठेवून मानीबाईने सवयीने दारामागे हात घातला. हात थबकला. मग तिने मला घेतले आणि लेकाला पोचवायला वेशीपर्यंत गेली.