दोनशे एकोणचाळीसनं भाग जातो

मावला गावातलं घर रंगवायला काढलं, तेव्हा विनोदिनीबाईंनी स्वयंपाकघरातलं फडताळ बारा वर्षांनी रिकामं केलं. तळाशी अंथरलेलं वहीचं पान उलटलं आणि त्या तिथंच ते वाचू लागल्या. पानभर भागाकार, आणि प्रत्येक वेळी भाज्य तोच: ११,११,१११. २२७नं भागून बाकी १७३, २२९नं बाकी ३, २३३नं बाकी १६७. तिथं पान संपलं होतं. अक्षर चंचलचं होतं.

बाई तेव्हा बेला गावच्या शाळेत गणित शिकवायच्या. रीतीला चार गुण, उत्तराला एक, हा त्यांचा खाक्या. साक्षात देव पेपरला बसला असता तरी पायऱ्या दाखवल्याशिवाय पास झाला नसता. जिल्ह्याच्या गणित स्पर्धेला एकच नाव पाठवायचं होतं, म्हणून त्यांनी वर्गाला विचारलं, सात वेळा एक लिहून होणारी संख्या मूळ की संयुक्त? स्वतः त्यांनी शंभरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं होतं आणि मग कंटाळून ती मूळच, असं ठरवून टाकलं होतं. आठवड्यानं भाजीवाल्या दादाजीची चंचल उभी राहिली.

"संयुक्त हाय मॅडम. दोनशे एकोणचाळीसनं भाग जातो."

"रीत कुठाय?"

"दुकानावर बसून केलती. बाबानं त्या कागदात कोनाले तरी मिरच्या बांधून देल्या."

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. "कोणाच्या तरी मोबाइलात पाहून आलीस," म्हणाल्या आणि नाव वर्गातल्या ईशानचं धाडलं. त्यानंतर चंचलनं गणिताच्या तासाला कधी हात वर केला नाही. दहावी झाली तशी ती दुकानावरच बसली.

आणि त्या मिरच्या घरी घेऊन आलेलं गिऱ्हाईक तर आपणच! बाईंना आपल्या त्या हसण्याची फार लाज वाटली. त्यांनी पान पर्समध्ये घातलं आणि बेल्याची बस धरली. वरातीमागून घोडं खरं, पण रीतीचा पुरावा सापडला होता, आता माफी मागता येईल, असं त्यांना वाटत होतं.

चंचल एका गिऱ्हाइकासाठी वांगी तोलत होती. तिनं पान ओळखलं.

"तेव्हा हे माझ्यासमोर असतं ना चंचल, तर तुझंच नाव धाडलं असतं गं."

"शोधाले टाइम लागते मॅडम, मले आठ दिवस लागले," चंचल शांतपणे म्हणाली. "पन आकडा तं मी सांगतलाच होता. तुमाले एकडाव भागून पाह्याचं होतं फक्त. काऊन नाई पाह्यलं?"

खरं तर बाईंनी अजूनही भागून पाहिलं नव्हतं. त्यांनी तिथली पेन्सिल उचलली आणि पानाच्या पाठीमागे भागाकार मांडला. ४६४९ आले, बाकी काही उरली नाही.

त्यांनी डोळे पुसून वर पाहिलं. चंचल अजून त्याच गिऱ्हाइकाची अर्धा किलो वांगी पिशवीत घालत होती.