अण्णांचा पांढरा

"हे पिवळं कशाला केलंस गो?" अण्णांनी विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. पडद्यावरचं पान पांढरं होतं. अगदी कोरं पांढरं, मी त्याला अजून रंगच दिला नव्हता.

२००४ सालचा आषाढ होता. अण्णा म्हणजे माझे वडील, राजाभाऊ, आणि त्यांचा रत्नागिरीत गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे आमच्या घराची लांबलचक पडवी. लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात आणि त्या पाटावर त्यांची मूर्ती बसते. रंगकामाला आम्ही तीन-चार जण असायचो, पण आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, फक्त अण्णांचं. त्या बारीक ब्रशला हात लावायची कुणाची टाप नव्हती. लोक पाट देत ते त्या डोळ्यांसाठीच.

मुंबईच्या चाकरमान्यांना मूर्ती तिथूनच बघता याव्यात म्हणून मी कारखान्याची वेबसाइट करत होते. इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं, तेही रडतखडत. म्हणून पानं घरच्या कॉम्प्युटरवर बनवायची, तिथंच उघडून बघायची आणि मनासारखी झाली की मगच वर चढवायची. हे अण्णांना पटत नसे. पडद्यावर दिसलं म्हणजे जगाला दिसलं, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे कॉम्प्युटरसमोर ते सदरा घालून बसायचे.

सगळ्या पानांचे रंग एकाच फाइलीत लिहिलेले होते. तिथला एक आकडा बदलला की सगळी पानं एकदम बदलत. ही सोय मी मोठ्या कौतुकानं अण्णांना दाखवली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. रोज जेवण झालं की ते खुर्ची ओढून बसायचे.

"अजून पिवळंच आहे. थोडी नीळ घाल."

मी आकडा बदलायचे, फाइल सेव्ह करायचे, पान पुन्हा उघडायचे. "अजून थोडी," अण्णा म्हणायचे. चार दिवस हाच खेळ. शेवटी एका दुपारी ते खूश होऊन म्हणाले, "हां! आता झालं पांढरं. आता अजिबात हात लावू नको."

तेवढ्यात आई पदराला हात पुसत आत आली. "अगोबाई, धोब्याचं दुकान काढलंत की काय? केवढी नीळ ही!"

"तुला रंगातलं काय कळतंय कमला," अण्णा म्हणाले आणि उठून पडवीत गेले. मी मात्र हसू शकले नाही. मी त्यांच्या मागोमाग गेले. पाट लवकर आलेल्या घरांच्या मूर्ती रंगून ओळीनं बसल्या होत्या. मी रोज त्यांच्याच शेजारी बसून पीतांबर रंगवत होते, पण उपरण्यांकडे तसं बघितलंच नव्हतं. उपरणी अण्णांनी रंगवलेली. एकूण एक उपरणं निळसर होतं, थेट माझ्या पानासारखं.

"अण्णा, या पांढऱ्यात काय घातलंत?"

"नीळ. हल्ली रंगच भेसळीचे येतात. दोन दुकानं बदलली, तरी बाटलीतून पिवळाच निघतो."

त्यांना सांगून पटलं असतं असं नाही, उलट आठवडाभर माझ्याशी बोलले नसते. मी त्यांना पुन्हा कॉम्प्युटरसमोर आणलं आणि पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी उघडली. एक माझं पहिलं कोरं, एक त्यांनी पास केलेलं. मग देवघरातून आईचा वातींचा कापूस आणून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हा कोणत्या पानासारखा दिसतो?"

त्यांनी कापूस पडद्याजवळ नेला. आधी एका पानाशी धरला, मग दुसऱ्याशी. पुन्हा पहिल्याशी.

"या पिवळ्यासारखा," ते म्हणाले. कापसात कोण भेसळ करणार? तो आमच्याच परसातला होता, बिया त्यांनीच बसून काढल्या होत्या.

बराच वेळ ते तो कापूस बोटांनी पिंजत राहिले. "कधीपासून असेल गो?"

"डॉक्टर सांगतील."

"डॉक्टरकडे गेलो की गावभर होईल. डोळे अधू झालेल्या माणसाकडं देवाचे डोळे काढायला पाट कोण देईल?" मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आईनं मात्र पदर खोचला. "त्या निळ्या उपरण्यांसकट गणपती घरोघरी गेले की पाट येतील का? यंदा अधिक महिना आहे, गणपती लांबलेत. देवानं सवड दिलीय, तर उठा."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. अधिक श्रावणात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं दिवाळीनंतर करू, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवसांनी काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली, तेव्हा अण्णा आधी पडवीत गेले. उपरण्यांसमोर नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "ऋजुता, पांढऱ्याची बाटली आण. नुसती." सगळी उपरणी आम्ही दोघांनी पुन्हा रंगवली. तसली एकही मूर्ती दाराबाहेर गेली नव्हती, एवढं नशीब.

भाद्रपदात आखणी झाली. अण्णांचा हात तसाच होता, एकही रेघ दुसऱ्यांदा ओढावी लागली नाही. शेवटी आमच्या घरची धाकटी मूर्ती राहिली. ती नेहमीच शेवटी असते. अण्णांनी ब्रश पाण्यात खळबळला आणि विचारलं, "ते निळं पान पुसलंस?"

"वेबसाइटवर पांढरंच चढवलंय. निळं फक्त घरच्या कॉम्प्युटरवर आहे."

"मग राहू दे. दर आषाढात मला समोर बसवून दाखवायचं आणि रंग विचारायचा. ज्या वर्षी मी त्याला पांढरा म्हणेन, त्या वर्षी ऐकायचं नाही माझं. आखणी तू करायची."

एवढं बोलून त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला.

"आज कशाला अण्णा? आज तर तुम्हाला स्वच्छ दिसतंय."

"म्हणूनच. आज तुझी चूक मला दिसेल." ते सरकून बाजूला बसले. "आपल्याच घरचा आहे. बिघडला तर पाच दिवस आपणच बघू. काढ डोळे."